मिठाचा धडा

एर्मेलिंदा स्कार्दिन्यो आधार-शिक्षिका झाली ती लॅटिनपायी. हे ती कुणापासून लपवत नसे, कारण लपवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. विद्यापीठाच्या त्या अभ्यासक्रमाला तिच्याबरोबर बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसं अशीच कशापायी तरी आली होती. कुणी तत्त्वज्ञानापायी, कुणी चित्रकलेपायी, एक जण तर ज्युदोपायी. लॅटिनची कायमची जागा हवी असेल तर कुणीतरी म्हातारा निवृत्त होण्याची, नाहीतर मरण्याची वाट बघत केस पिकवावे लागत. आधार-शिक्षकांची मात्र सगळीकडे वानवा. ज्या वर्गात अपंग मूल असेल त्या वर्गाला एक आधार-शिक्षक द्यायचाच, असा कायदा होता आणि तो जवळजवळ एर्मेलिंदाच्याच वयाचा होता. तेव्हा तिचा बेत सरळ होता. विद्यापीठाचा दाखला घ्यायचा, त्यावर कायमची नेमणूक मिळवायची, बंधनाची पाच वर्षं त्या मुलांबरोबर काढायची आणि मग बदली मागून आपल्या गावातल्या शाळेत लॅटिनच्या खुर्चीवर जाऊन बसायचं. त्या खुर्चीवर सध्या तारक्वीनी नावाचे गृहस्थ बसत होते. त्यांच्या निवृत्तीचं सालही हिच्या बेतात बरोबर बसत होतं.

आई म्हणायची, "मागच्या दाराने शिरतेयस."

"दार आहे ना? मग झालं," एर्मेलिंदा म्हणायची.

अभ्यासक्रमाचे वर्ग शुक्रवारी दुपारी आणि शनिवारी दिवसभर असत. मानफ्रेदोनियाच्या आखाताकाठच्या आपल्या गावातून ती बसने शहरात यायची. उतरत्या बाकांच्या मोठ्या वर्गात सगळ्यात मागच्या रांगेत बसायची आणि शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासायची. पुढे प्राध्यापक ग्वालांद्री बोलत असायचे. हे विशेष शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक. उंच, सडसडीत, भर उन्हाळ्यातसुद्धा गळ्यात रेशमी रुमाल. त्यांनी एक जाडजूड ठोकळा लिहिला होता आणि तो विकत घेतल्यावाचून परीक्षेला बसता येत नसे. परीक्षेच्या टेबलावर ते स्वतःच्या हाताने त्या ठोकळ्याच्या पहिल्या पानावर भली मोठी सही करायचे. विद्यार्थ्यांना वाटे, केवढा हा जिव्हाळा. पुढच्या वर्षी तेच पुस्तक कुणाला अर्ध्या किमतीत विकता येऊ नये म्हणून ती सही आहे, हे जुन्या लोकांना माहीत होतं.

ग्वालांद्री कधी 'मूल' म्हणत नसत. ते 'अन्य' म्हणायचे. 'अन्याचं स्वागत', 'अन्याची लय', 'अन्याच्या उंबऱ्याशी नम्रपणे थांबणं'. एर्मेलिंदाला शब्दांची आवड होती म्हणूनच हे शब्द तिला खुपायचे. नुसत्या फुंकरीने भरलेल्या पिशव्या, असं ती मनात म्हणायची. शाळेत शिकवून मग विद्यापीठात गेलेली माणसं तिने पाहिली होती. ग्वालांद्री त्यांतले नव्हते. ते विद्यापीठातच वाढले होते, कुंडीतल्या झाडासारखे.

एका शनिवारी त्यांनी सगळ्यांच्या डोळ्यांना फडकी बांधली आणि इमारतीत चालायला लावलं. अंधत्वाचा अनुभव घ्यायचा होता. मिरेल्ला म्हणून एक खेळाची शिक्षिका होती, एर्मेलिंदाच्या शेजारी बसणारी. ती जाऊन कॉफीच्या यंत्रावर आदळली.

"काय जाणवलं तुम्हाला?" ग्वालांद्रींनी मऊ आवाजात विचारलं.

"यंत्र," मिरेल्ला कपाळ चोळत म्हणाली.

ग्वालांद्रींनी ते उत्तरसुद्धा गंभीरपणे टिपून घेतलं. मग ते सगळ्यांना म्हणाले, "तुम्ही नुसते शिक्षक नाही आहात. तुम्ही उद्याच्या समावेशनाचे नेते आहात." नेत्यांपैकी एक जणी त्या वेळी बाकाखाली मैत्रिणीला चेहऱ्याला लावायचं मलम विकत होती. दोघं-तिघं झोपले होते.

एर्मेलिंदा या सगळ्यांना तुच्छ मानायची. आपण त्यांच्याच बाकावर बसलो आहोत याची तिला अडचण वाटत नसे.

दाखला मिळेपर्यंत ती तारक्वीनींच्याच शाळेत हंगामी आधार-शिक्षिका होती. तिथे तिच्या वाट्याला आलेल्या मुलीचं नाव सवेरिया. वय पंधरा, अंगाने भरलेली, केसांची घट्ट एकच वेणी. ती हळू बोलायची. एकेक शब्द जणू हातात घेऊन, नीट बघून, मग टेबलावर ठेवायची. अनोळखी माणूस फार जवळ आलं की टेबलावर थाप मारायची. बाकी तिचं कुणाशी वाकडं नव्हतं. वर्ग तिला आवडायचा, त्यातही कोझिमो. कोझिमो हा मासे खारवणाऱ्या माणसाचा मुलगा, वर्गातला हुशार आणि तोंडाळ. त्याने विनोद केला की सगळे हसायचे. सवेरिया थोड्या वेळाने हसायची, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. कोझिमो तिच्या हसण्यासाठी थांबायचा आणि मगच पुढचं बोलायचा.

आता कायदा असा की अपंग मूल वर्गातच बसलं पाहिजे. आधार-शिक्षिका त्या एका मुलाची नसून सगळ्या वर्गाची असते. हे अभ्यासक्रमातल्या प्रत्येकाला तोंडपाठ होतं, परीक्षेत हमखास विचारलं जायचं. आणि प्रत्येक शाळेत एक छोटी खोली होती. एर्मेलिंदाच्या शाळेत ती झेरॉक्सच्या यंत्राशेजारी होती. तिथे एक टेबल, दोन खुर्च्या आणि कुणीतरी मागे टाकून दिलेला पृथ्वीचा गोल. तिसऱ्या तासाला तारक्वीनी वर्गात शिरायचे आणि दप्तर ठेवता ठेवता म्हणायचे, "स्कार्दिन्यो, न्या बरं हिला. आज व्याकरण आहे." व्याकरण रोजच असायचं. एर्मेलिंदा उठायची, सवेरियाला घेऊन खोलीत जायची आणि भिंतीपलीकडून येणारं लॅटिन ऐकत बसायची. तारक्वीनींचे उच्चार तिला आवडत नसत. ती सवेरियाला चित्रं रंगवायला द्यायची आणि आतल्या आत तारक्वीनींच्या चुका काढायची. त्या खोलीतून वर्गात जाण्याची घाई कुणाला असेलच तर ती दोघींनाही होती. फक्त सवेरियाला वर्गात बसायचं होतं आणि एर्मेलिंदाला वर्गापुढे उभं राहायचं होतं.

वसंत ऋतूत विद्यापीठाने कळवलं की प्राध्यापक ग्वालांद्री स्वतः येऊन तिचा धडा बघणार. धडा पसंत पडला नाही तर दाखला नाही. आणि पुढचा अभ्यासक्रम कधी निघेल, निघाला तर प्रवेश मिळेल का, हे रोममध्ये बसलेल्यांनाही ठाऊक नसतं. तारक्वीनींची खुर्ची मग दुसरं कुणीतरी पळवणार.

एर्मेलिंदा आळशी नव्हती. तिने मिठावर धडा तयार केला. रोमन लोक मीठ कुठून आणायचे, त्यासाठी लॅटिनमध्ये शब्द कोणते, आपल्या आखातावरची मिठागरं, खारवलेले मासे. मुलांपुढे मिठाचे छोटे ढीग ठेवायचे. सवेरियाचे आजोबा मिठागरात काम करायचे. तेव्हा तिने उभं राहून कार्डावरचं वाचायचं: "माझे आजोबा मिठागरात काम करायचे. मीठ जड असतं." सवेरियाने ते इतक्या वेळा वाचलं की झेरॉक्स काढायला येणाऱ्या मास्तरांनाही पाठ झालं.

धड्याच्या दिवशी एर्मेलिंदाने शिपाईण तितिनाला सांगितलं, "पाहुणे बसेपर्यंत सवेरियाला खोलीतच ठेव. अनोळखी माणसांनी बिचकते ती. दहा मिनिटांत हाक मारते."

ग्वालांद्री आले. बरोबर फोटो काढणारा एक साहाय्यक होता. दोघं मागे बसले. एर्मेलिंदाने सुरुवात केली. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच एक अख्खा वर्ग तिच्या हातात होता. मुलं ऐकत होती, विचारत होती, मीठ चाखून तोंडं वाकडी करत होती. तिने फळ्यावर लॅटिन शब्द लिहिले. तारक्वीनींनी चुकीचा शिकवलेला एक उच्चार तिने जाता जाता सुधारला. त्यात तिला फार सुख झालं. कोझिमो त्या दिवशी सकाळीच दाढ काढून आला होता. अर्धा जबडा बधिर, ओठाच्या कडेने लाळ. तरी त्याला बोलल्यावाचून राहवेना. मासे कसे खारवतात ते तो अडखळत, बोबड्या जिभेने, हातवारे करून सांगत राहिला. मागे ग्वालांद्रींनी चष्मा काढून डोळे पुसले.

घंटा झाली. ग्वालांद्री उठले ते थेट कोझिमोपाशी गेले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"शाब्बास! खूप खूप छान बोललास हं."

"धन्नवाद," कोझिमो म्हणाला आणि त्याने लाळ पुसली.

मग ते एर्मेलिंदाकडे वळले. "काय ही प्रगती! सगळ्या वर्गात इतका मिसळलाय तो. दुसऱ्या कुणाला कळलंसुद्धा नसतं. पण तीस वर्षांची नजर आहे माझी, मी पाहताक्षणी ओळखलं."

एर्मेलिंदाला प्रथम कळलंच नाही ते कुणाबद्दल बोलतायत. मग कळलं. आणि त्याच क्षणी आठवलं की सवेरिया अजून खोलीत आहे.

एका वाक्याचं काम होतं. पण तेव्हा ग्वालांद्री आपल्या कागदावर काहीतरी लिहीत होते आणि त्यांचा चेहरा चांगलं लिहिणाऱ्या माणसासारखा होता. ते वाक्य राहू देऊन ती फळा पुसायला लागली.

खोलीत सवेरिया कार्ड हातात धरून उभीच होती. तितिना दारात केरसुणी टेकून वाट बघत होती.

"काय बाई, बोलावलंच नाहीत," तितिना म्हणाली. "आधी तिने मला वाचून दाखवलं. मग मला झाडायला जायचं होतं, म्हणून त्या यंत्राला वाचून दाखवलं. यंत्राने काही नावं ठेवली नाहीत."

"प्रोफ," सवेरिया म्हणाली. शाळेतली सगळी मुलं शिक्षकांना प्रोफच म्हणायची. "हाक. नाही. मारली."

"विसरले गं."

सवेरियाने थोडा विचार केला. "मोठा. विसर," ती म्हणाली.

आठवड्याने विद्यापीठातून निरोप आला. धडा पसंत पडला होता, इतका की ग्वालांद्रींना तो विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात सगळ्या अभ्यासक्रमापुढे पुन्हा हवा होता. शेवटचे गुणही तिथेच मिळणार. 'तो मुलगा मात्र नक्की आणा,' असं त्यांनी मुद्दाम कळवलं होतं.

एर्मेलिंदाने हे फक्त मिरेल्लाला सांगितलं. मिरेल्ला इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

"तोंड शिवून टाक," हसणं आवरल्यावर मिरेल्ला म्हणाली. "आधी दाखला हातात पडू दे. मग हवं तर जाऊन बिशपपुढे कबुली दे. खुर्चीसाठी एवढं सोसलंस, ते काय या रुमालवाल्याला शहाणं करायला?"

"आणि तो मुलगा?"

"त्याला आईस्क्रीम दे."

दुसऱ्या दिवशी एर्मेलिंदाने कोझिमोला बाजूला घेतलं. तो तिचं बोलणं सुरू व्हायच्या आधीच म्हणाला, "कळलंय मला, प्रोफ. सगळ्या वर्गाला कळलंय. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, विद्यापीठाचा माणूस आहे, बरोबर ओळखलं त्याने."

"तू येशील ना?"

"येतो की. गणिताचा तास बुडतोय. पण आता माझा जबडा बरा झालाय. परत भूल घेऊन येऊ का?"

"कोझिमो!"

"नाही, विचारलं आपलं. पण प्रोफ, सवेरियाला न्या ना. तिला ते येतं. आता आम्हा सगळ्यांनाच येतं म्हणा."

एर्मेलिंदाने अख्खा वर्ग न्यायचं ठरवलं. सवेरियाही येणार आणि वाचणार. बाकी काय बोलायचं ते तिथे गेल्यावर बघू, अशी तिने स्वतःची समजूत घातली. पण खरं सांगितलं तर दाखला गेला, हे तिला पक्कं माहीत होतं. बसमध्ये ती पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होती. मिठागरं आली, गेली. मुलं मागे गात होती.

सभागृह भरलं होतं. धडा पहिल्यासारखाच झाला, थोडा कोरडा. मुलं सगळ्यांसमोर जरा शहाणी वागत होती, त्यामुळे मजा कमी झाली. मग एर्मेलिंदाने सवेरियाला हाक मारली. या वेळी विसरली नाही. सवेरिया ध्वनिक्षेपकापाशी गेली आणि समोरची एवढी डोकी बघून तिने टेबलावर थाप मारली. सभागृहात तो आवाज गोळीसारखा घुमला. कोझिमो उठला आणि काही न बोलता तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला, हात पाठीमागे बांधून, गावच्या संताच्या मिरवणुकीत मूर्तीशेजारी उभं राहतात तसा.

सवेरियाने वाचलं. "माझे. आजोबा. मिठागरात. काम करायचे. मीठ. जड. असतं." मग तिने कार्ड खाली केलं. "आणि पाय. फाटतात. रक्त येतं," ती स्वतःच्या मनाने म्हणाली.

हे कार्डावर नव्हतं. एर्मेलिंदाने तिला हे कधी विचारलंही नव्हतं. अख्ख्या धड्यात ती एकच गोष्ट अशी होती की जी कुठल्या पुस्तकातून घेतलेली नव्हती.

ग्वालांद्री टाळ्या वाजवत व्यासपीठावर आले आणि त्यांनी कोझिमोचे दोन्ही खांदे धरले.

"पाहिलंत? पाहिलंत किती शांतपणे उभा राहिला हा? एक वर्गमैत्रीण पुढाकार घेते, आणि तिच्या आधाराने हा, एवढ्या लोकांपुढे..."

"मी वाचलं," सवेरिया म्हणाली.

"हो हो, बाळ. तू फार छान मदत केलीस त्याला."

"मी. वाचलं." आणि तिने टेबलावर दुसऱ्यांदा थाप मारली.

कोझिमो एर्मेलिंदाकडे बघत होता. सगळा वर्ग बघत होता. मागच्या रांगेतून मिरेल्ला हाताने ओठ शिवण्याची खूण करत होती. एर्मेलिंदाला त्या क्षणी ग्वालांद्रींची इतकी किळस आली की ती बोलून गेली. त्यात सवेरियाबद्दलच्या मायेपेक्षा ती किळसच अधिक होती.

"प्रोफेसर, तुमची गल्लत होतेय," ती म्हणाली. तिचा आवाज ध्वनिक्षेपकातून सगळीकडे गेला. "आधाराची विद्यार्थिनी ही आहे, सवेरिया. हा कोझिमो. याला लॅटिनमध्ये वर्गात सगळ्यात जास्त गुण असतात. त्या दिवशी याने दाढ काढली होती, म्हणून लाळ गळत होती. आणि ही त्या दिवशी वर्गात नव्हतीच. मी तिला झेरॉक्सच्या खोलीत ठेवलं आणि बोलवायला विसरले. समावेशनाचा धडा मी तिच्याशिवायच घेतला."

कुणीतरी खोकलं. ग्वालांद्रींचे हात अजून कोझिमोच्या खांद्यांवरच होते. त्यांनी एकदा कोझिमोकडे पाहिलं, एकदा सवेरियाकडे. एर्मेलिंदा वाट बघत उभी राहिली. दाखला गेला, खुर्ची गेली, आता काय ते होऊन जाऊ दे, असं तिला वाटलं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला थोडं हलकंही वाटलं.

मग ग्वालांद्रींचा चेहरा उजळला.

"ऐकलंत?" त्यांनी हात उंचावले. "ऐकलंत तुम्ही सगळ्यांनी? मला, मला, तीस वर्षांच्या अनुभवी माणसाला ओळखता आलं नाही! कोण अन्य आणि कोण आपण, ही रेघच पुसली गेली. माझ्या पुस्तकाचं चौथं प्रकरण दुसरं काय सांगतं? आणि या शिक्षिकेचं धैर्य बघा. सगळ्यांपुढे आत्मपरीक्षण! हेच नेतृत्व. हेच!"

सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. मलम विकणारी बाईसुद्धा उभी राहून टाळ्या वाजवत होती. ज्यांना काही ऐकू आलं नव्हतं ते इतरांकडे बघून वाजवत होते. ज्युदोवाल्याने तर शीळ घातली. एर्मेलिंदाला तीसपैकी तीस मिळाले, वर 'गौरवासह' असा शेरा.

"पण ती वर्गात नव्हती, प्रोफेसर," व्यासपीठावरून उतरताना तिने पुन्हा सांगून पाहिलं. "खरंच नव्हती."

"अगदी तेच सांगायचं," ग्वालांद्री तिचा हात हातात घेऊन म्हणाले. "पुढच्या वर्षी तुम्ही माझ्याबरोबर शिकवायचं. नेतृत्वाचा तास तुमचा. असाच, असाच सांगायचा हा अनुभव. याल ना?"

या माणसाला काही म्हणजे काही टोचत नाही, हे एर्मेलिंदाच्या लक्षात आलं. ती एवढे दिवस कशाला भ्यायली होती? खरं बोलून इथे काही जात नाही आणि खोटं बोलूनही नाही. विद्यापीठातला एक तास मिळाला की बदलीच्या यादीत आपलं नाव वर सरकतं, हेही तिला माहीत होतं.

"येईन," ती म्हणाली. त्यांनी तिचा हात अजून सोडलाही नव्हता.

परतीच्या बसमध्ये मुलांनी कोझिमोला भंडावून सोडलं.

"ए, तुला बरं केलं की रे त्यांनी!"

"चमत्कार झाला, मेणबत्ती लावा!"

"प्रोफ, मग आता मी कोण?" कोझिमो ओरडला. "अन्य की आपण? घरी काय सांगू?"

सवेरिया त्याच्या शेजारी टोमॅटो लावलेला फोकाचा पाव खात बसली होती. कोझिमोच्या या बोलण्यावर बाकीचे हसून गप्प झाले आणि मग ती हसली, तोंडात घास असताना, खो खो. ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं. कोझिमो ती हसेपर्यंत थांबला होता. मग तो पुढे येऊन एर्मेलिंदाच्या मागच्या आसनावर बसला.

"प्रोफ, आता तिसऱ्या तासाला सवेरिया वर्गातच बसणार ना?"

"लॅटिनचा तास आहे तो. तारक्वीनी सरांना विचारावं लागेल."

"म्हणजे नाही."

"विचारते म्हटलं ना, बाबा."

"बरं," कोझिमो म्हणाला आणि परत मागे गेला.

सोमवारी तारक्वीनी आजारी होते. मंगळवारी ते आले. दप्तर ठेवता ठेवता म्हणाले, "स्कार्दिन्यो, अभिनंदन हं, ऐकलं मी सगळं. बरं, न्या हिला, आज व्याकरण आहे." आपण विचारणार होतो हे एर्मेलिंदाला आठवलं, पण निवृत्त होणाऱ्या माणसाचा शब्द आपल्या जागी कोण यावं या बाबतीत ऐकला जातो. त्यांच्याशी वाकडं घेऊन चालण्यासारखं नव्हतं. ती उठली. सवेरिया जागची हलली नाही. तेव्हा एर्मेलिंदाने तिच्या दंडाला धरलं आणि सगळा वर्ग बघत असताना तिला बाहेर नेलं.